भाऊसाहेब खासदार होते : विदर्भातल्या दहा खासदारांना खुले पत्र

प्रति,
विदर्भातून लोकसभेत गेलेले दहाही खासदार भाऊ आणि ताई यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर एकालाच लिहायला घेतलं होतं. पहिलं पान झाल्यावर वाटलं, यातलं एक वाक्यही बाकीच्या नऊ जणांना लागू नाही असं नाही. म्हणून दहाही जणांच्या नावे पाठवतो. गावाचं नाव, तालुका मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना आठवेल त्यांना आठवेल.

मी निवृत्त मास्तर. आता पाच एकर कोरडवाहू वावर हेच काम. पऱ्हाटी म्हणजे कपाशी आणि तूर, धुऱ्यावर चार बोरी, एक विहीर जी फेब्रुवारीत बूड दाखवते. पेन्शन आहे म्हणून कास्तकारी झेपते, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको.

गोष्ट २७ डिसेंबरची. डॉ. पंजाबराव देशमुखांची, आमच्या भाऊसाहेबांची जयंती. गावातल्या शाळेत कार्यक्रम होता आणि पाहुणे म्हणून खासदार येणार होते. पत्रिकेत वेळ साडेदहा. गाड्या आल्या एक वाजून दहा मिनिटांनी. डिसेंबरचं ऊन सकाळी गोड लागतं, बारा वाजता डोक्यात बसतं. मागच्या ओळीतली पोरं सतरंजीचे धागे उपसू लागली होती. एकाला उलटी झाली, त्याला वर्गात नेऊन निजवलं. पाहुणे आले, फोटोला हार घातला, अकरा मिनिटं बोलले. (घड्याळ पाहायची खोड मास्तरकीतून गेली नाही.) त्या अकरा मिनिटांत भाऊसाहेब शिक्षणमहर्षी झाले, कृषिमहर्षी झाले, देशाचे पहिले कृषिमंत्री झाले. मग शाळेच्या अंगणात पेव्हिंग ब्लॉक टाकून देतो अशी घोषणा झाली, टाळ्या झाल्या, आणि गाड्या पुढच्या गावी लग्नाला गेल्या.

सतरंज्या गुंडाळताना आठवीतली एक पोरगी जवळ आली. म्हणाली, "आबाजी, महर्षी म्हंजे काय काम असते?"

मी म्हटलं, "ते मागून लोक म्हणायला लागले, माय. ते खासदार होते."

"आत्ता गेले ना, तसे?"

मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पण त्या "तसे"वर आज तीन आठवडे झाले, मी अडकून पडलो आहे.

भाऊ, ताई, माझं म्हणणं एवढंच आहे. तुम्ही भाऊसाहेबांना इतक्या उंचावर नेऊन ठेवलंत की ते तुमच्याच खुर्चीवर बसले होते ही गोष्ट कुणाच्या ध्यानात राहिली नाही. महर्षीशी कोण स्पर्धा करणार? महर्षीला हार घालायचा असतो. पण खासदाराची खासदाराशी तुलना होते, आणि ती टाळायला महर्षी हा शब्द फार बरा पडतो. तुमच्या मनात तसं असेल असं मी म्हणत नाही. परिणाम मात्र तोच झाला.

आता ते "पहिले कृषिमंत्री" हेही जरा तपासून घ्या, कारण दरवर्षी बॅनरवर छापलं जातं. त्यांच्या आधी डॉ. राजेंद्रप्रसाद, जयरामदास दौलतराम, कन्हैयालाल मुन्शी यांनी ते खातं सांभाळलेलं आहे. १९५२ साली पहिली लोकसभा आली तेव्हा अन्न आणि शेती हे खातं रफी अहमद किडवाईंकडे होतं आणि त्यात शेतीचं काम पंजाबराव पाहत. वरचे मंत्री बदलत गेले, किडवाईंनंतर अजितप्रसाद जैन, मग स. का. पाटील. पंजाबराव मात्र १९६२ पर्यंत शेतीच्या त्या कामाला चिकटून राहिले. मला तर ही गोष्ट "पहिले"पेक्षा जास्त मोठी वाटते. पहिला कुणीही होतो, रांगेत उभा राहिला की. दहा वर्षं वरचा साहेब बदलत असताना त्याच कामावर टिकणं ज्यानं नोकरी केली त्यालाच कळेल.

त्यांचं आधीचं आयुष्य तुम्हाला भाषणापुरतं पाठ आहेच. पापळचा जन्म, साल १८९८. शाळा कुठे पापळला, कुठे चांदूर रेल्वेला, कुठे कारंज्याला, मग अमरावती, मग पुण्याचं फर्ग्युसन. १९२० साली विलायत, तीही बापानं वावर गहाण टाकून. कुणब्याच्या पोरानं ऑक्सफर्डला वेदांतल्या धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टरकी मिळवली, बॅरिस्टर झाला आणि १९२६ ला परत आला. परत आल्यावर बंगला बांधून वकिली केली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. १९२७ ला ते अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या चळवळीत उभे राहिले. त्याच सुमाराला जातीबाहेर लग्न केलं. त्या विमलाबाई लग्नानंतर शिकून वकील झाल्या आणि पुढे त्याही संसदेत गेल्या, हे मात्र जयंतीच्या भाषणात मी एकदाही ऐकलं नाही. जिल्हा कौन्सिलचं अध्यक्षपद मिळालं तर सार्वजनिक विहिरी सगळ्यांना खुल्या केल्या. १९३० ला मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे मंत्री झाले. १९३३ चा कर्ज लवाद कायदा त्याच काळातला. सावकाराच्या वहीला पहिल्यांदा कुणी विचारणारं आलं ते तेव्हा. आमच्या घराण्यात एक वाक्य अजून चालतं, "लवादात निघालं म्हणून वावर राहिलं." कुठल्या वर्षी, किती रुपयांत, ते सांगणारं कुणी उरलं नाही. वावर आहे.

हे सगळं खासदार होण्याआधीचं. म्हणजे माणूस दिल्लीला गेला तेव्हा चोपन्नाच्या घरात होता आणि काय करायचं हे ठरवून गेला होता. त्याआधी संविधान सभेतही होता. मला इथे एक गंमत नेहमी वाटते. १९५२ ला ते निवडून आले तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. १९५७ ला निवडून आले तेव्हा मुंबई राज्यात. १९६२ ला महाराष्ट्रात. मतदार जागच्या जागी, वावरं जागच्या जागी, राज्य दोनदा बदललं आणि खासदार तोच. राजधानी नागपूरहून मुंबईला गेली, पण दिल्लीतला माणूस बदलला नाही.

"दिल्लीत आपला मानूस हाये." हे वाक्य माझ्या आज्याचं. आज्याला सही येत नव्हती, अंगठा होता. पण १९६० च्या जानेवारीत तो दिल्लीला जाऊन आला होता. कारण भाऊसाहेबांनी दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं होतं. १९५५ ला त्यांनी भारत कृषक समाज काढला होता, त्या संघटनेचं ते काम. डिसेंबर १९५९ मध्ये उद्घाटन झालं, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद होते आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवरही आले होते. आज्याला आयसेनहॉवर माहीत नव्हता. त्याला एवढं माहीत होतं की भाऊसाहेबानं कास्तकारांना बोलावलं आहे.

बडनेऱ्याहून गाडी. सोबत गावातले आणखी तिघे. शिदोरीत ज्वारीच्या भाकरी, लसणाचा ठेचा, जवसाची चटणी, आणि एका चिरगुटात बांधलेले मुरमुरे. आजी सांगायची, चटणी जास्त दिली होती कारण दिल्लीच्या खाण्याचा भरवसा नव्हता. थंडी अशी की चौघांनी दोन घोंगड्यांत रात्र काढली. आणि मग आज्यानं यंत्रानं दूध काढताना पाहिलं. गाईच्या कासेला नळ्या, आणि गाय उभी शांत. परत आल्यावर वर्षभर तो चावडीवर हेच सांगायचा, आणि लोक म्हणायचे, "बुढ्याले दिल्लीची हवा लागली." तो चिडायचा नाही. म्हणायचा, "मी पाह्यलं ना." त्यानं एक टिनाचा बिल्लाही आणला होता, रुपयाएवढा. माझ्या लहानपणी तो देवघरात होता. रंग उडालेला, मागची टाचणी गंजलेली. देवांबरोबर दर दिवाळीला चिंचेनं घासला जायचा, त्यामुळे वरचं जे काही छापलेलं होतं ते घासून गेलं.

खासदारानं काय करायचं असतं हे कुणी मला विचारलं तर मला तो बिल्ला आठवतो. दिल्लीहून काही वाटप झालं नव्हतं. पैसे झाले ते आज्याचेच, कापसाच्या चुकाऱ्यातले. मिळालं काय, तर जग केवढं आहे आणि त्यात आपली पऱ्हाटी कुठे बसते याचा अंदाज. पूर्वेकडच्या भंडारा-चांद्याच्या धानवाल्यांना विचारा, त्यांच्याकडे जपानी पद्धतीच्या भातलागवडीची आठवण निघते. ती मोहीमही १९५३ ची, पंजाबरावांच्याच काळातली. आमच्या वऱ्हाडात धान नाही, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

भाऊसाहेब गेले १० एप्रिल १९६५ ला. तेव्हाही ते खासदारच होते. मंत्रिपद तीन वर्षांपूर्वीच गेलं होतं. अकोल्याचं कृषी विद्यापीठ त्यांच्या मागे चार वर्षांनी, १९६९ ला झालं, आणि त्यांचं नाव त्याला लागलं. मी लहान होतो. रेडिओवर बातमी आली तेव्हा आज्या ओट्यावर दोर वळत बसला होता, हातातला दोर तसाच धरून राहिला, असं वडील सांगत.

त्यांच्या काळात आणि त्यांच्यानंतरही विदर्भानं नाना तऱ्हेचे खासदार पाहिले. त्यांच्या काळातलेच लोकनायक बापूजी अणे घ्या. १९५९ च्या पोटनिवडणुकीत आणि पुन्हा १९६२ ला नागपूरहून गेले, वेगळ्या विदर्भाचा मुद्दा घेऊन, ऐंशीच्या आसपासचं वय असताना. आता ऐंशीचा माणूस तिकीट मागायला गेला तर त्याला मार्गदर्शक मंडळात बसवतात. जांबुवंतराव धोटे १९७१ ला नागपूरहून गेले. त्याआधी विधानसभेत पेपरवेट भिरकावून प्रसिद्ध झाले होते. आमच्या कॉलेजातली अर्धी पोरं त्यांच्यासारखी दाढी ठेवायची. १९८९ ला अमरावतीनं कम्युनिस्ट पक्षाचे सुदामकाका देशमुख पाठवले, साधेपणासाठी अजून नाव निघतं. आणि बाहेरचेही आले. गुलाम नबी आझाद जम्मू-काश्मीरचे, वाशीमहून १९८० ला निवडून आले. नरसिंह राव आंध्रचे, रामटेकहून दोनदा. आम्ही मोठ्या मनाचे, कुणालाही निवडून देतो. याच मातीनं १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्याहून डॉ. आंबेडकरांना पाडलं, तेही लिहून ठेवलं पाहिजे. म्हणजे मतदार म्हणून आमची कुंडलीही काही धड नाही.

आता वळतो तुमच्या निधीकडे, कारण गावात खासदार म्हटलं की लोकांना तोच आठवतो. खासदार निधी सुरू झाला १९९३ च्या डिसेंबरात. म्हणजे भाऊसाहेबांच्या तेरा वर्षांत एक रुपयाचाही खासदार निधी नव्हता. पहिल्या वर्षी पाच लाख, मग एक कोटी, मग दोन, आणि २०११-१२ पासून वर्षाला पाच कोटी. एका मतदारसंघात शेकड्यांनी गावं. वाटून पाहिलं तर गावामागे एखादा हायमास्ट दिवा येतो, तोही पाच वर्षांतून. आमच्या फाट्यावर प्रवासी निवारा आहे तुमच्या निधीतला. त्यात सिमेंटचा बाक आहे आणि बाकाच्या पाठीवर निळ्या रंगात नाव, जिथे पाठ टेकते अगदी तिथे. एस.टी. आधी दिवसातून चारदा होती, आता एकदा येते. ती गेली की निवाऱ्यात बकऱ्या बसतात. पावसाळ्यात मीही बसलो आहे, छान गारवा असतो. ज्यांचं नाव त्यावर आहे ते पुढची निवडणूक हरले, नंतरच्यांनी नाव खोडून आपलं टाकायला माणूस पाठवला होता. पोरांनी त्याला हुसकलं. का, ते मलाही कळलं नाही, बहुतेक गंमत म्हणून.

निधी वाईट असं मी म्हणत नाही. पण सभामंडप सरपंचानं बांधावा, पांदण रस्ता जिल्हा परिषदेनं करावा, डीपी जळाली तर लाइनमननं यावं. ते होत नाही म्हणून लोक तुमच्याकडे येतात आणि तुम्हालाही ते सोपं जातं, कारण नारळ फोडला की फोटो निघतो. कापसाच्या आयात शुल्काचा फोटो निघत नाही.

तिथेच मला यायचं होतं.

गेल्या वर्षी ऑगस्टची गोष्ट घ्या. कापसावर ११ टक्के आयात शुल्क होतं, २०२१ पासून. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते काढलं. आधी सांगितलं ३० सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. आमच्याकडे पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास निघते आणि डिसेंबरात कापूस जोरात असतो. म्हणजे नेमके ते महिने. सरकारनं हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये जाहीर केला होता, मध्यम धाग्याला ७,७१०. माझी पहिली वेचणी ओली होती, पावसानं बोंडं काळवंडली होती, घरात ठेवायला जागा नाही, वेचणाऱ्या बाया दारात पैशांसाठी बसलेल्या. खेडा खरेदीवाला वजनकाटा घेऊन दारात आला आणि ६,८०० नं घेऊन गेला. गंजीवरून कापूस काट्यावर टाकताना त्यानं मूठभर हातात घेतला, पिळला, नाकाजवळ नेला आणि काही न बोलता दोन बोटं दाखवली. म्हणजे क्विंटलमागे दोन किलो सूट. मी मास्तर असूनही त्याच्याशी वाद घातला नाही.

सरकारी खरेदीत ओलावा ८ ते १२ टक्के लागतो. तो आकडा दिल्लीत ठरतो. हमीभाव दिल्लीत ठरतो. आयात शुल्क दिल्लीत. सोयाबीनचा भाव, तेलावरचं शुल्क, पीक विम्याचे नियम, रेल्वे, सगळं दिल्लीत. आमच्या घरातल्या वर्षाच्या हिशेबाचा मोठा तुकडा जिथे ठरतो तिथे आमच्यातर्फे फक्त तुम्हीच जाऊ शकता. सरपंच जाऊ शकत नाही, आमदारही नाही. आणि १९ ऑगस्टला लोकसभेचं अधिवेशन चालू होतं, ते २१ ला संपलं. मधले दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत आणि पुढे हिवाळी अधिवेशनात तुमच्यापैकी कोण काय बोललं, काय विचारलं, ते आम्हाला सांगा. बोलला असाल तर तेच छापा बॅनरवर, आम्ही वाचू. कुणी मंत्र्याला भेटून आला असेल तर तेही सांगा. हा आरोप नाही. गावात कुणी सांगितलंच नाही, म्हणून विचारतो.

माझ्या पुतण्याची पोरगी बी.एस्सी.ला आहे. तिनं मोबाइलवर दाखवलं की लोकसभेचं सगळं कामकाज तिथे असतं, १९५२ पासूनचं. कुणी कोणता प्रश्न विचारला, मंत्र्यानं काय उत्तर दिलं, सगळं. मला मास्तर म्हणून चाळीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवताना जे कळलं नाही ते एका संध्याकाळी कळलं. रोज अकरा ते बारा प्रश्नोत्तराचा तास. तारांकित प्रश्न दिवसाला वीस, त्यांना मंत्री उभा राहून उत्तर देतो आणि उपप्रश्न विचारता येतो. बाकीच्यांची उत्तरं लेखी. पंधरा दिवस आधी सूचना द्यायची. एका खासदाराला एका दिवसासाठी पाच सूचना देता येतात. मग शून्य प्रहर आहे, नियम ३७७ आहे, दोन्हीत आपल्या भागाचं म्हणणं मांडता येतं. शुक्रवारी दुपारी खासगी विधेयकं. खासगी विधेयक कायदा होण्याचं नशीब आजवर चौदांनाच लाभलं आणि शेवटचं १९७० मधलं, तेव्हा त्याचा आग्रह मी धरत नाही. पण प्रश्न तर विचारता येतो ना? त्याला निधी लागत नाही, टेंडर लागत नाही, ठेकेदार लागत नाही.

पोरीनं तुमची नावं एकेक करून टाकली. काहींचे बरेच प्रश्न निघाले, चांगलेही होते. एकानं आमच्याच जिल्ह्यातल्या खरेदी केंद्रांबद्दल विचारलं होतं आणि लेखी उत्तरही आलं होतं, आकड्यांसकट. आम्हाला गावात पत्ता नाही. त्याच आठवड्यात त्या खासदारांच्या वाढदिवसाचे फलक मात्र फाट्यापासून तालुक्यापर्यंत होते. मी नाव घेत नाही. चांगलं केलेलं लपवून ठेवायचं आणि केक कापलेला दाखवायचा, ही उलटी रीत कुठून आली, तेवढं कधीतरी सांगा.

आमचीही चूक आहे, ती लपवत नाही. आम्ही खासदाराला तेरवीला बोलावतो आणि आला नाही तर पुढच्या वेळी पाहू म्हणतो. माझ्या भावाच्या ऑपरेशनच्या वेळी मीही तुमच्यापैकी एकांच्या बंगल्यावर रेल्वेच्या राखीव कोट्याचं पत्र घ्यायला गेलो होतो. दीड तास व्हरांड्यात बसलो. पी.ए.नं पत्र दिलं, जागा मिळाली, भाऊ बरा झाला. त्या उपकाराखाली मी पुढे पाच वर्षं काही विचारलं नाही. गावातले निम्मे लोक असेच कुठल्या ना कुठल्या पत्राखाली दबलेले आहेत. म्हणून सभेत हात वर होत नाही.

रेल्वेचं निघालं म्हणून. मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी आमची शकुंतला, छोट्या रुळांची, १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर चालत होती. आता रुळांवर गवत आहे. ती रुंद करा, हे आश्वासन मी जितक्या निवडणुकांत ऐकलं तितक्यांदा मतदान केलं. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग मंजूर होऊन दीड तप झालं. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा ते कळंब गाडी सुरू झाली, ती पाहायला मी मुद्दाम गेलो होतो. बरं वाटलं. पण कळंबपासून पुढे उरलेला रस्ता मी चालत गेलो तरी बहुतेक रेल्वेच्या आधी पोचेन.

माझं मागणं लहान आहे. भाऊसाहेबांसारखं शाळांचं जाळं विणा, जागतिक प्रदर्शन भरवा, असं मी म्हणत नाही. तो माणूस वेगळा, काळ वेगळा. जिल्ह्याच्या दिशा समितीचे तुम्ही अध्यक्ष असता. केंद्राच्या योजनांचा हिशेब त्या बैठकीत मागता येतो. तिची तारीख गावाला कळू द्या, आणि तिथे कापूस खरेदी आणि पीक विमा यांवर काय विचारलं ते एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. आमच्याकडे तो फलक आहे. सध्या त्यावर २०२२ ची लसीकरणाची सूचना आहे.

आणि पुढच्या २७ डिसेंबरला परत या. हार आणू नका, तो आम्ही आणतो, शेवंती गावातच होते. आदल्या वर्षात दिल्लीत तुम्ही काय मागितलं आणि काय उत्तर आलं ते पोरांना सांगा. मराठीत सांगा, वऱ्हाडीत सांगितलं तर आणखी बरं. नाही जमलं, सरकारनं ऐकलं नाही, पक्षानं बोलू दिलं नाही, असं सांगितलं तरी चालेल. आठवीच्या पोरांना ते समजतं. ती पोरगी तेव्हा नववीत असेल, तिला पुढच्या ओळीत बसवू, आणि ती विचारेल. पेव्हिंग ब्लॉकची घाई नाही. अंगण शेणानं सारवलेलं आहे, बसायला त्रास होत नाही.

वेळ साडेदहाचीच आहे.

आपला,
एक कास्तकार मतदार